रेहानाचा पुढचा ब्रेक

रेहाना हँडलवरून उडाली, हवेत अर्धी गिरकी घेतली आणि चिरेखाणीच्या लाल भुकटीत पालथी पडली. सायकल तिच्या मागून घरंगळत आली आणि शेजारी शहाण्यासारखी आडवी झाली. मी हातातल्या पान्यासकट धावलो. तिचा बाप इक्बाल माझ्या पुढे होता. आम्ही पोचेपर्यंत पोरगी उठून बसली होती. हनुवटीतून रक्त येत होतं, नाक धुळीने लाल झालं होतं आणि दोन्ही डोळे माझ्यावर रोखलेले होते.

"काका, पुढचा ब्रेक कुठल्या हाताला लावलात?"

"उजव्या. पुढचा उजव्यालाच असतो."

"माझ्या सायकलला उजव्या हाताला मागचा होता!"

"हनुवटी दाब गो आधी," इक्बाल म्हणाला. "हात मागनं मोज."

रत्नागिरीत आठवडा बाजाराच्या रस्त्यावर माझं सायकलचं दुकान होतं. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. आयुष्य त्यात गेलं. गावात अजूनही कुणी भेटलं की म्हणतो, "सदाकाका, तुमचा तो पुढचा ब्रेक!" एका ब्रेकसाठी मी ओळखला जातो. ती ओळख खरी नाही. खरं काय ते इतकी वर्षं मला एकट्यालाच माहीत होतं, आणि आता सत्तरी मागे पडली आहे. तेव्हा जे झालं ते झालं तसं लिहितो.

साल दोन हजार उलटून गेलं होतं. त्या काळात मुलांच्या प्रत्येक दुसऱ्या सायकलवर 'बीएमएक्स' असं स्टिकर असायचं. छोटी चाकं, उंच हँडल, मधल्या दांड्यावर स्पंजची उशी, की झाली बीएमएक्स. मीही तशा विकल्या. पण बीएमएक्स हा मुळात मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीचा प्रकार. उंचवटे, खड्डे, तीव्र वळणं, आणि सगळं एका दमात. त्यासाठी बनवलेली सायकल वेगळीच असते. तशी खरी सायकल मी हातात धरली ती एकच, रेहानाची.

इक्बाल आधी कुवेतला होता. तिथे एक कुटुंब घर आवरून चाललं होतं, त्यांच्याकडून त्याने ती उचलली आणि मुलीसाठी सामानात बांधून आणली. जुन्या घाटणीची, ऐंशीच्या दशकातली. रंग टवके उडालेला, खाली क्रोम चमकायचं. वजन इतकं कमी की मी पहिल्यांदा उचलली तेव्हा जास्त जोर लावला आणि तिच्यासकट मागे गेलो. टायरला ट्रॅक्टरसारखे दात. आणि ब्रेक एकच. मागचा. त्याचा दांडा उजव्या हाताला.

एकच का, ते सांगतो. सायकलचा वेग कमी करताना वजन पुढे जातं, त्यामुळे थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. पण सैल मातीवर पुढचं चाक अडकलं की ते बाजूला सटकतं, आणि कडक जमिनीवर अडकलं की मागचं चाक वर उठतं. मागचा ब्रेक चुकला तर सायकल घसरते. पुढचा चुकला तर माणूस उडतो. म्हणून शर्यतवाल्यांनी पुढचा काढूनच टाकला. वजनही वाचलं.

आमच्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने त्या वर्षी दिवाळीनंतर मुलांसाठी मातीवरची सायकल शर्यत ठेवली. जागा कुवारबावच्या पलीकडे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एका बंद पडलेल्या चिरेखाणीत. चिरा म्हणजे जांभ्या दगडाची वीट. तो कापून नेला की मागे मोठं चौकोनी मैदान राहतं, पायऱ्यापायऱ्यांचं. शर्यतीला याहून चांगली जागा कुणाला पैसे देऊन करता आली नसती. सायकली तपासायचं काम मंडळाने मला दिलं. प्रमुख होते देसाई सर, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले. गळ्यात शिट्टी कायम. त्यांनी नियम केला की प्रत्येक सायकलला दोन ब्रेक, दोन्ही चालू.

मी त्यांना सांगायला गेलो.

"सर, एका मुलीची सायकल आहे. तिला पुढचा ब्रेक नाही."

"मग बसवा."

"ती बनवलीच तशी आहे. शर्यतीची आहे."

"आमची काय मोटारींची शर्यत आहे? शर्यतीच्या सायकलला पुढचा ब्रेक चालत नाही म्हणता, मग कुठल्या सायकलला चालतो?"

"म्हणजे त्या कंपनीने विचार करूनच..."

"सदानंद, त्या कंपनीला बोलवा. मी त्यांना नियम दाखवतो."

विषय संपला. मी ब्रेक बसवायला घेतला. पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरणारे दोन पाय, वर जिथे जुळतो तिथे एक भोक होतं, रंगाने बुजलेलं. ते मोकळं केलं, ब्रेक बसवला, रबरं लावली, वायर ओढली. तिथपर्यंत सगळं बरोबर झालं. मग हँडलवर दांडे बसवताना माझ्या हाताने आपलं नेहमीचं केलं. आपल्याकडे सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. स्कूटर, मोटारसायकललाही पुढचा उजव्याच हाताला. शिवाय रत्नागिरीत सपाट रस्ता शोधावा लागतो. मारुती मंदिरापासून बाजारात उतरणारा माणूस पुढच्या ब्रेकच्या भरवशावर उतरतो. खाऱ्या हवेने वायरी गंजतात, अडकतात, म्हणून आम्ही त्या जरा जास्तच आवळून ठेवतो. मी रेहानाचा मागचा ब्रेक उजवीकडून डावीकडे नेला, नवा पुढचा उजव्या हाताला दिला, आणि रत्नागिरीच्या उतारासाठी आवळतात तसा आवळला. मला वाटलं, परदेशी माणसाची चूक आपण दुरुस्त केली.

सांगितलं मात्र नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. सायकल थेट खाणीवर नेऊन दिली. पोरगी बसली आणि सुटली. वळणाआधी सवयीने उजवा हात दाबला. पुढचं तुम्ही वाचलंतच.

हनुवटीला टाके पडले. संध्याकाळी मी मिरकरवाड्याला त्यांच्या घरी गेलो. इक्बालचा लहानसा ट्रॉलर होता आणि त्याची बायको सकीनाभाभी जेटीवर मासळीच्या लिलावात बोली लावायची. आवाज तिथे कमावलेला. मी उंबऱ्यावर चपला काढतोय तोवर आतून आला.

"या दादा, या. एक सांगा, ब्रेक थांबायला असतो का उडायला?"

"भाभी, चूक माझी आहे. हात बदलून देतो."

"हात बदला, पाय बदला. माझं एकच. आणखी एकदा ही पडली की सायकल देवरूखला. अल्ताफला. मग तिचं नाव काढायचं नाय या घरात."

अल्ताफ हा भाभींच्या बहिणीचा मुलगा, रेहानाहून वर्षाने लहान. तोही शर्यतीत होता, दुकानातल्या नव्या सायकलवर, आणि त्याचा डोळा कुवेतच्या सायकलवर होता. सुट्टीला तो तिथेच येऊन राहिला होता. चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाला, "काका, हात नका बदलू. आहे तेच बरं आहे."

"अम्मी, ह्याला घरी पाठव," आतून रेहाना ओरडली. टाक्यांमुळे तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी मी दांड्यांची अदलाबदल केली. मागचा परत उजव्या हाताला, पुढचा डाव्या हाताला. रत्नागिरीत अशी सायकल दुसरी नव्हती. मग मी रेहानाला म्हणालो, "हे बघ, पुढचा नुसता नियमापुरता ठेवू. वायर सैल सोडतो. दाबलास तरी काही होणार नाही. दिसायला दोन ब्रेक, चालवायला एक."

"नको," ती म्हणाली. "लावलाय तर वापरणार."

"कशाला? तुला मागच्याची सवय आहे."

"चला, दाखवते."

खाणीत ट्रक उतरायचा एक लांब उतार होता. उताराच्या पायथ्याला चिरे कापून राहिलेला कातळाचा सपाट पट्टा, आणि तो संपला की लगेच डावीकडे वळण. वळणावर सगळी भुकटी आणि कपच्या. मुलं उताराच्या माथ्यापासूनच मागचा ब्रेक धरायची. चाक फरफटायचं, वेग उतारावरच मरायचा, आणि तरीही वळणावर घसरायची ती घसरायचीच. रेहानाने मला त्या कातळाच्या पट्ट्यावर उभं केलं.

"इथे बघा. हा दगड कडक आहे. इथे चाक सटकत नाही. उतारावर ब्रेक लावायचाच नाही. खाली यायचं, इथे सरळ असताना पुढचा दाबायचा, आणि भुकटी लागायच्या आत सोडायचा. वळताना ब्रेकच नाही."

"आणि सोडायला उशीर झाला तर?"

"तर सायकल अल्ताफची."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच. मला पुढच्या ब्रेकची माहिती होती, पण ती दुकानातली. कुठे दाबायचा आणि कुठे सोडायचा हे तिने पडून, उठून, बूट घासून शोधून काढलं होतं. आठवडाभर ती रोज संध्याकाळी खाणीवर असायची. आधी चालण्याच्या वेगाने, मग जरा जोरात. ब्रेक पूर्ण हाताने नाही, दोन बोटांनी दाबायची. अंग मागे न्यायची, जवळजवळ मागच्या चाकावर बसायची, म्हणजे मागचं चाक उठत नाही. अल्ताफ उताराच्या कडेला बसून शेंगा खायचा आणि प्रत्येक फेरीला विचारायचा, "आपा, पडतेस काय वाईच?"

"तू खा. टरफलं गिळू नको."

मला मजा यायची. दुकान लवकर बंद करून मी तिथे जायला लागलो. बायको म्हणाली, "या वयात तुम्ही पण उतरणार काय शर्यतीत?" खरं सांगायचं तर त्या आठवड्याइतका आनंद मला दुकानात वर्षानुवर्षं झाला नव्हता. पण शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी एक पाहिलं. रेहाना पूर्ण वेगात उतरली, ब्रेक दाबला, आणि मागचं चाक कातळावरून उठलं. वीतभर असेल. क्षणभर ती नुसत्या पुढच्या चाकावर होती. मग चाक खाली आलं, ती वळली आणि हसत निघून गेली. तिच्या लक्षातही आलं की नाही कोण जाणे. माझ्या मात्र आलं. टाके पडले त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरून निघताना सकीनाभाभी मला म्हणाल्या होत्या, "दादा, तुम्ही बसवलाय तो. तुम्हीच बघा." तो आवाज लिलावातला नव्हता. हळू होता.

शर्यतीच्या दिवशी अर्धा मिरकरवाडा खाणीवर लोटला. इक्बालने बर्फ वाहायचा टेम्पो भरून माणसं आणली होती. टेम्पोतून पाणी गळत होतं आणि बायका ओल्या साड्या, ओले दुपट्टे झटकत, शिव्या घालत उतरत होत्या. देसाई सरांच्या हातात माइक. वडापावची गाडी, बर्फाचा गोळा, सगळं होतं. मी टेबल मांडून सायकली तपासल्या. रेहानाची आली तेव्हा सर स्वतः उठले, दोन्ही दांडे दाबून बघितले.

"आता कशी सायकल दिसते!" ते म्हणाले. "उगाच वाद घालत होता."

प्राथमिक फेऱ्या झाल्या. रेहाना सहज पुढे आली, अल्ताफही आला. त्या फेऱ्यांमध्ये जोर लावायची गरज पडली नाही, त्यामुळे पुढचा ब्रेक तिने फारसा वापरलाच नाही. अंतिम फेरी राहिली. सहा मुलं, खाणीला तीन वेढे. मधल्या वेळात मुलं सायकली माझ्या टेबलामागे लावून पाणी प्यायला गेली.

तिथे मी ते केलं.

पाना घेतला, रेहानाच्या पुढच्या ब्रेकची वायर धरणारा नट सोडला, वायर दोन-तीन सूत सैल केली आणि नट परत लावला. दांडा आता हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी रबरं रिमला नुसती चाटली असती. मनात म्हटलं, फार तर ती चौथी येईल. पण पडणार नाही, आणि सायकल घरात राहील. तिने नको म्हणून सांगितलेलं मला आठवत होतं. तरी केलं. मग हात पुसले आणि चहाला गेलो.

शिट्टी वाजली. मी ट्रकच्या उताराच्या पायथ्याशी, वळणाच्या बाहेरच्या अंगाला जाऊन उभा राहिलो. माथ्यावर पहिली पाच डोकी दिसली. पाचही जणांनी वरूनच ब्रेक धरला. धुळीचा लोट उठला. त्या लोटातून रेहाना बाहेर आली. ती ब्रेक धरत नव्हती. उलट पायडल मारत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी विचार केला होता तो ब्रेक नसलेल्या मुलीचा. तिला ब्रेक नाही हे माहीतच नव्हतं. ती त्याच्या भरवशावर येत होती. खाली कातळावर दोन बोटं दाबणार, काहीच होणार नाही, आणि समोर वळण. वळणाच्या पलीकडे चिऱ्यांची रास. आणि रास आणि ती यांच्यामध्ये मी.

मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "मागचा! मागचा धर!" माइकवर सर ओरडत होते, टेम्पोवाले ओरडत होते, माझं कोण ऐकतंय. मी वळणावर पुढे सरकलो. म्हटलं, निदान अंगावर घेऊ.

ती कातळावर आली. अंग मागे गेलं. डाव्या हाताची दोन बोटं मिटली. आणि सायकल थांबल्यासारखी झाली! रबराचा तो कर्र आवाज मी स्पष्ट ऐकला. मागचं चाक जागेवर राहिलं. भुकटीच्या एक हात अलीकडे बोटं उघडली, सायकल डावीकडे कलली आणि ती माझ्या शर्टाला वारा लावून निघून गेली. मी वळणाच्या मधोमध हात पसरून उभा. मागून आलेला अल्ताफ मला चुकवताना घसरला.

"काका, बाजूला व्हा ना!"

त्या एका वळणावर ती चौघांच्या पुढे गेली. दुसऱ्या वेढ्यात पहिल्या मुलाला मागे टाकलं. तिसऱ्या वेढ्यात तिच्यापुढे फक्त खाण होती. अल्ताफने शेवटपर्यंत पाठलाग केला आणि दुसरा आला. रेषा ओलांडली तशी सकीनाभाभींनी जी आरोळी मारली, ती ऐकून सरांनी माइक खाली ठेवला. त्याची गरजच उरली नव्हती. इक्बालने पोरीला सायकलसकट उचललं. मी धुळीत खाली बसलो होतो. मला हसू आवरत नव्हतं.

गर्दीतून सुटून ती माझ्याकडे आली. वाकून कानाशी हळूच म्हणाली, "काका, कुणाला सांगू नका हां. पुढची वायर सैल राहिलेली. निघायच्या आधी दाबून बघितला तर नुसता भुसभुशीत. तुम्ही चहाला गेलेलात, तुमच्याच पेटीतला पाना घेऊन घट्ट केली."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माइकवर सरांचा आवाज आला.

"आणि मंडळी, या विजयाचे खरे शिल्पकार आहेत आपले सदाकाका! या सायकलला पुढचा ब्रेक नव्हताच. तो त्यांनी बसवला, तो कसा वापरायचा हे त्यांनी शिकवलं. आठवडाभर दुकान बंद ठेवून!" सर स्वतःच्या नियमाचं कौतुकही त्यात व्यवस्थित घालत होते. माझ्या गळ्यात हार आला. हातात नारळ आला. खाली भाभी डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. मी तेव्हाच माइक मागून घ्यायला हवा होता. नाही घेतला. नारळ धरून उभा राहिलो आणि हसलो.

मग ते वाढतच गेलं. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यात माझं नाव रेहानाच्या आधी. नाचण्यापासून भाट्यापर्यंतची मुलं दुकानात यायला लागली, "काका, रेहानाच्या सायकलसारखा ब्रेक सेट करून द्या." काहींना तर डाव्या हातालाच हवा होता. मी आया-बापांना पुढचा ब्रेक कसा वापरावा यावर व्याख्यान द्यायचो, आणि त्यातला शब्द न् शब्द रेहानाचा असायचा. कडक जमिनीवर, सरळ असताना, दोन बोटांनी, वळणाआधी सोडा. शिकवणारा ऐकणाऱ्याहून फार पुढे नव्हता. एकदा बोर्ड रंगवणारा म्हणाला, खाली 'पुढच्या ब्रेकचे तज्ज्ञ' लिहू का. मी नको म्हणालो नाही.

वाईट वाटत नव्हतं असं नाही. रेहाना दुकानात आली की वाटायचं, आज सांगू. ती पुढे दोन वर्षं ती शर्यत जिंकली. प्रत्येक वेळी आधी सायकल माझ्याकडे आणायची, मी तपासून द्यायचो, ती "थँक यू काका" म्हणून न्यायची. मला वाटायचं, या मुलीचा माझ्यावर केवढा विश्वास, आणि मी काय केलं. ते बोचायचं. मग ती शिकायला बाहेर गेली, लग्न झालं, आंजर्ल्याला गेली. तिथे शाळेत मुलांना खेळ शिकवते. दुकान मी बंद केलं. गाळ्यात आता मोबाइलवाला आहे.

गेल्या हिवाळ्यात ती माहेरी आली होती. आईला घेऊन मला भेटायला घरी आली. सकीनाभाभी थकल्यात, पण आवाज शाबूत. बोलता बोलता रेहाना म्हणाली, शाळेत मुलांना ती सायकल शिकवते आणि पुढच्या ब्रेकची गोष्ट सांगते. म्हटलं, बास. आता सांगितलं नाही तर ती आंजर्ल्याच्या पोरांनाही खोटं पोचवेल.

सगळं सांगितलं. पाना, नट, वायर, चहा. ती ऐकत होती. हनुवटीवर टाक्यांचा पांढरा व्रण अजून आहे.

"म्हणजे सैल राहिली नव्हती?"

"नाही. मी केली."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तू पडशील म्हणून."

"आणि मी तशीच उतरले असते तर?"

"ते मला तू माथ्यावर दिसल्यावर सुचलं."

मी खाली फरशीकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "काका, मला पडायला तुमची परवानगी लागत होती काय?"

"नाही."

"मग विचारायचं तरी."

"हो. विचारायला हवं होतं."

आणि ती हसायला लागली. आधी हळू, मग इतकी की पदर तोंडाला लावावा लागला. भाभींनी विचारलं, "काय झालं गो?"

"अम्मी, ते नटांचं!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, रागावू नका. मला तेव्हा वाटलं की तुमचा हात गेला. वय झालं, विसरता. म्हणून त्याच्यानंतर तुमच्याकडून सायकल आणली की मी घरी नेऊन सगळे नट परत आवळायचे. सगळे. अल्ताफलापण सांगितलेलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाय."

"अल्ताफलाच कशाला," भाभी म्हणाल्या, "आख्ख्या वाड्यातली पोरं तेच करायची. सदाकाकाकडून आणली की आधी पाना घ्या. माणूस देवासारखा, पण नट बघून घ्या."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसत होती. इतकी वर्षं मी समजत होतो की मिरकरवाड्यात माझ्या नावाला न शोभणारा मान आहे. मिरकरवाडा माझ्या मागे नट आवळत होता.

"आता सांगेन सगळ्यांना," जाताना रेहाना म्हणाली. "काकांचा हात चांगला होता. डोकं तेवढं सैल होतं."

माझा धंदा संपला आहे, तरी धंद्यातल्या माणसांसाठी एक सांगतो. गिऱ्हाइकाच्या सायकलमध्ये काही बदललंत तर सांगा, मग ते कितीही शहाणपणाचं वाटो. आणि काही बिघडवलंत तर त्याच दिवशी सांगा. उशिरा सांगितलं तरी माणूस चांगला कारागीर ठरतो, पण तोवर दुकानात मोबाइलवाला बसलेला असतो.